नवखा पुढे

"सर, एक मिनिट धरता का?" असं म्हणून त्या हेल्मेटवाल्या बाईनं आपली सायकल भुजंगरावांच्या हातात दिली आणि ती रस्ता ओलांडून पळाली. पलीकडं तिच्या बरोबरीच्या कुणाची तरी चेन पडली होती. भुजंगराव दुधाची पिशवी मनगटाला अडकवून, दोन्ही हातांनी हँडल धरून, नांदेडात आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. एवढंच झालं. पण ते एवढंही त्यांना जमेना. बोटं जरा सैल केली की पुढचं चाक आपल्या मर्जीनं वळायचं, घट्ट धरली की घंटीलाच अंगठा लागून ती वाजायची आणि येणारे-जाणारे वळून बघायचे. सगळी हयात भूगोल शिकवण्यात गेली. दांडगटातले दांडगट वर्ग या माणसानं नुसत्या भुवईवर शांत केले होते. आणि आता ते एका सायकलीपासून हातभर लांब राहून तिला धरत होते, परक्याचं रडकं पोर कुणी अंगाला न लावता धरावं तसं. बाई परतली, काळे झालेले हात पँटला पुसत हसली आणि म्हणाली, "मारा ना सर एक चक्कर." भुजंगरावांचं उत्तर तयारच होतं, पन्नास वर्षांपासून तयार होतं. "गुडघा," ते म्हणाले. बाईनं गुडघ्याकडं पाहिलंच नाही. त्यांच्या हातांकडं पाहिलं आणि आवाज उतरवून, अगदी सहज विचारलं, "येत नाही ना, सर?" आणि कोण जाणे काय झालं, शिक्षकी भाषा कुठल्या कुठं गेली आणि तोंडातून उमरीच्या शाळेतलं पोरगंच बोललं, "न्हाई."

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. पुरुषमाणसाला सायकल येते हे लोक धरूनच चालतात, जसं त्याला दाढी येते. उमरीला सातवीत असताना भाड्याच्या सायकलवर बसून ते शाळेच्या फाटकासमोर असे काही आडवे झाले होते की मुलींची अख्खी रांग थांबून हसली. उठताना त्यांनी उजवा गुडघा धरला आणि लंगडत घरी गेले. गुडघ्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मायेनं विचारपूस केली, मित्रांनी डबलसीट नेलं, आणि भुजंगरावांना कळलं की या गुडघ्यात मोठी सोय आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढं हा गुडघा त्यांच्याबरोबर बी.एड.ला गेला, नोकरीला लागला, मुलगी बघायलाही गेला. लग्नानंतर विशाखाबाईंनी तो प्रेमानं पदरात घेतला आणि दर थंडीत त्याला तिळाचं तेल चोळायला सुरुवात केली. कधी कधी भुजंगराव विसरून डाव्या पायानं लंगडायचे, तेव्हा त्या बिचाऱ्या डाव्यालाही तेल लावायच्या. आणि रात्री दिवा मालवल्यावर भुजंगरावांना कधी कधी स्वप्न पडायचं, फक्त उताराचं, वाऱ्याचं. जागं झाल्यावर ते स्वप्न ते स्वतःलासुद्धा सांगत नसत.

बाईचं नाव तनुजा. दातांची डॉक्टर, पण दवाखान्याआधी आणि दवाखान्यानंतर नुसती सायकल. तिच्या गटात तीसेक माणसं होती. कुणी वकील, कुणी ग्रामसेवक, कुणी दुकानदार. ज्या मुलींची शाळा गावात सातवीपाशी संपते आणि पुढची शाळा लांब म्हणून घरी बसवलं जातं, त्यांच्यासाठी हे लोक गावोगाव सायकल हाणत, लोकांकडून नव्या सायकली मिळवत आणि त्या मुलींना नेऊन देत. आणि कुणी नवखा भेटला की त्याला सोडत नसत. "सर, कुणाला कळणार नाही," तनुजा म्हणाली होती, आणि कॉलेजच्या मैदानाच्या मागच्या बाजूला, बाभळींच्या आडोशाला तिनं त्यांना खरंच शिकवलं. आधी तिनं सायकलचे पेडलच काढून टाकले. सीट खाली केली. "आता नुसतं बसा आणि पायांनी जमीन ढकलत चला." एकसष्टाव्या वर्षी भुजंगराव रांगत्या पोरासारखे मैदानभर सायकल ढकलत फिरले. आठवडाभरानं एका सकाळी त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि लगेच खाली टेकायचं विसरले. जग डुगडुगायचं थांबलं. चाकाखालची खडी बारीक वाजत होती, कानापाशी वारा होता, आणि ते चालले होते, कुणी धरलेलं नव्हतं! त्यांना ओरडावंसं वाटलं. त्यांनी ओरडून घेतलंही, कावळे उडाले. मग पेडल बसले, मग मैदान सुटलं, मग रस्ता आला. घरी त्यांनी सांगितलं की डॉक्टर म्हणतात, सायकलनं गुडघा मोकळा होतो, म्हणून जुनी सवय पुन्हा सुरू करतोय. खोट्यावर खोटं चढलं, पण या वेळी निदान खालचं चाक खरं होतं.

आणि मग गटाची नांदेड ते लातूर सायकलफेरी निघाली. पहिल्या दिवशी अहमदपूर, मुक्काम, दुसऱ्या दिवशी लातूर. लातुरात मुलींना सायकली द्यायच्या होत्या, त्या टेम्पोत भरून मागून येणार होत्या, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एक जागा रिकामी ठेवलेली होती, ज्याचा दम संपेल त्याच्यासाठी. विशाखाबाई इराकडं, म्हणजे लेकीकडं, आदल्याच दिवशी बसनं लातूरला जाणार होत्या. पिशवी भरता भरता त्या म्हणाल्या, "दुखला की टेम्पोत बसा हं. हट्ट करू नका. मी तिथंच उभी राहते, टेम्पो आला की उतरवून घेते तुम्हाला." त्या काळजीनंच म्हणाल्या, पण भुजंगरावांना ते फार लागलं. टेम्पो आला की! म्हणजे ते कशातून येणार हे तिच्या मनात ठरलेलंच होतं. अख्खा जन्म ते कुणाच्या तरी कॅरिअरवर, कुणाच्या स्कूटरवर मागं, जावयाच्या गाडीत पुढं असे बसूनच तर कुठं कुठं पोचले होते. या एका खेपेला, मनात त्यांनी ठरवलं, लातुरात ती टेम्पोचं दार उघडेल आणि आत मी नसेन. बास, एवढंच पाहिजे होतं त्यांना, दुसरं काही नको.

या गटाचा एक नियम होता. नवखा पुढे. सगळ्यांत नवा माणूस सगळ्यांच्या पुढं चालणार, त्याची चाल तीच सगळ्यांची चाल, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. आणि त्याला मागून हाक मारायची नाही. पूर्वी एका नवख्या बँकवाल्याला कुणी प्रेमानं "साहेब!" म्हणून हाक मारली होती, साहेबांनी वळून पाहिलं आणि साहेब गटारीत गेले. तेव्हापासून मागचे लोक तोंडाला कुलूप घालूनच चालत. सगळ्यांत नवे होते भुजंगराव. त्यामुळं दुसऱ्या दिवशी उजाडताना अहमदपूर सोडलं तेव्हा तीस सायकलींच्या पुढं, पिवळा टीशर्ट घालून, ढेरीवर वारा झेलत भूगोलाचे सर निघाले होते. त्यांच्या लगेच मागं श्रीनाथ होता. इंजिनिअर, चाळिशीचा, पण एके काळी सरांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. मागं टेम्पो, टेम्पोचे ड्रायव्हर उदगीरकडचे गुरुपादप्पा. ते काल संध्याकाळपासून भुजंगराव दिसले की हात खालीवर करून आपल्या कानडीत म्हणत, "निधान, सर, निधान." म्हणजे सावकाश.

सावकाश कसलं! शिरूर ताजबंदच्या पुढं ट्रकांच्या भीतीनं त्यांनी मोठा रस्ता सोडून बाजूचा धाकटा रस्ता धरला आणि त्या रस्त्यानं त्यांना पोटाशीच घेतलं. गुळगुळीत, रिकामा, मंद उताराचा. दोन्ही बाजूंना तूर, मधूनच हरभरा, थंडीतल्या सकाळचा ओलसर वास. पेडल मारायचीही गरज नव्हती. मागं तीस साखळ्यांची बारीक कुरकुर, त्याखेरीज माणसाचा आवाज नाही. आपल्या मागं तीस माणसं आहेत आणि त्यांतला एकही हसत नाही, या गोष्टीचं त्यांना इतकं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं, अर्थात वाऱ्यानं. ऊन समोरून तोंडावर येत होतं. छान वाटत होतं. लातूर नैऋत्येला असताना सकाळचं ऊन तोंडावर येतंच कसं, हे सातवीच्या पोरानं सांगितलं असतं. सरांना ऊन दिसलं, फक्त त्याचा धडा आठवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गाव आलं, पारावरच्या म्हाताऱ्यांनी हात केले, भुजंगरावांनी मान हलवली. दुसरं गाव आलं. रस्ता अरुंद झाला, मग डांबराची नुसती ठिगळं राहिली. त्यांना वाटलं, आयुष्यभर मी या जिल्ह्यांचे नकाशे फळ्यावर काढले, यातलं एकही वळण मला ठाऊक नव्हतं. ही जागा आहे तरी कुठं, असं कौतुकानं मनात येतंय तोच रस्ता एका उंचवट्यावर चढला, खाली उतरला, आणि सरळ पाण्यात गेला.

खरोखरच पाण्यात. समोर मोठं तळं होतं आणि डांबरी रस्ता त्यात निमूटपणे शिरला होता. भुजंगरावांनी दोन्ही ब्रेक आवळले, एक पाय टेकला, दुसरा टेकला. मागून तीस ब्रेक कुरकुरले. पाण्याकाठी एक बाई गोधड्या आपटत होती, ती थांबली आणि त्यांच्याकडं बघतच राहिली. "आवं, ह्यो रस्ता तळ्यात जाऊन लई वर्सं झाली," ती म्हणाली. "तुमी कुठं निगाला?" "लातूरला," भुजंगराव म्हणाले. तिनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्यामागं रांगेनं उभ्या तीस माणसांकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. भुजंगराव सावकाश वळले. सगळे खाली बघत होते. "श्रीनाथ," त्यांनी विचारलं, "हा रस्ता चुकीचा आहे हे तुला माहीत होतं?" "हाव सर." "कुठपासून?" "वळलो तिथूनच, सर." "मग काहून सांगितलं न्हाई?" श्रीनाथनं हेल्मेट काढून डोकं खाजवलं. "हाक मारायची न्हाई असा नियम हाय ना, सर. अन् मला वाटलं, सर हायत भूगोलाचे. काहीतरी शॉर्टकट काढून राहिले. सरांना रस्ता कोन सांगावा?" मागून कुणीतरी खुसखुसलं. मग दुसरं कुणी. भुजंगरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फाटक, मुलींची रांग, सगळं पन्नास वर्षांचं अंतर तोडून तळ्याकाठी येऊन उभं राहिलं. आणि पाय बदलायला म्हणून त्यांनी उजवा पाय उचलला, तर गुडघ्यातून अशी कळ आली की त्यांनी सीटच धरली. खरी कळ. उजवाच गुडघा. जन्मभर ज्याच्या नावानं खाल्लं तो आज हिशेबाला आला होता.

तनुजा मागून पुढं आली. तिला हसू येत होतं आणि घड्याळाकडं बघून घामही येत होता, कारण लातुरात मुली सकाळपासून येऊन बसल्या असणार. तिनं भराभर ठरवलं. टेम्पो इथून उलटा फिरवून थेट लातूरला पाठवायचा, म्हणजे निदान सायकली वेळेवर पोचतील. बाकीच्यांनी आपलं आपण यायचं. "म्हणजे सर, यापुढं मागं टेम्पो नाही," ती भुजंगरावांना बाजूला घेऊन म्हणाली. "बसायचं असेल तर आत्ताच बसा. कुणी काही म्हणणार नाही. पाय दुखतोय ना?" गुरुपादप्पांनी आधीच शेजारचं दार उघडून, जागेवरची केळी उचलून मांडीवर घेतली होती. भुजंगरावांनी त्या जागेकडं पाहिलं. मऊ जागा होती. फक्त एक शब्द म्हणायचा होता, आणि आज पहिल्यांदा तो शब्द खरा होता. पण तो जिभेवर आल्याबरोबर त्यांना त्याची इतकी शिसारी आली की तो त्यांनी गिळूनच टाकला. लातुरात विशाखा रस्त्याच्या कडेला उभी असेल. टेम्पो येईल, ती दार उघडेल, हात पुढं करेल. "नाही," ते म्हणाले, "मी सायकलवर येतो." गुरुपादप्पांनी एक केळं खिडकीतून त्यांच्या हातात दिलं आणि टेम्पो धूळ उडवत गेला. भुजंगरावांना एकदम भीती वाटली आणि त्या भीतीतच, का कोण जाणे, फार मजाही वाटायला लागली.

"मागं फिरायचं काय काम न्हाई," गोधड्यावाली म्हणाली. तिचं नाव शिवकन्या. तिनं हात लांब करून तळ्याची मातीची पाळ दाखवली. "ह्या पाळीवरनं पल्याड गेलात की लगेच सडक लागती, तिथनं चाकूर हितं हाय. पण पाळ अरुंद हाय बगा. आमची म्हस जाती निवांत, तुमचं काय सांगता येत न्हाई." पाळ सरळ होती, डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला बाभळींचा उतार. "उतरून हातात धरून चला, सर," तनुजा म्हणाली. भुजंगरावांनी सायकलचं तोंड पाळीकडं केलं. मग ते सगळ्यांकडं वळले आणि भरल्या वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाले, "हातात धरून चालणं मला येतं. आजवर तेवढंच येत होतं. माझा गुडघा कधी मोडला नव्हता. मला सायकल येतच नव्हती, ती मी यंदा शिकलो." कुणीच हसलं नाही. उलट सगळे असे काही बघायला लागले की जणू म्हाताऱ्यानं कुस्ती मारलीय. "म्हणजे सर, यंदा शिकून नांदेडहून इथवर?" श्रीनाथ ओरडलाच. "हाव," भुजंगराव म्हणाले, "आणि आता मी पाळीवरून जाणार. फक्त गप्प राहू नका. मागं कुणी बोलत नसलं की मी काहीतरीच करतो, तळ्यात जातो. बोलत राहा." "पण नियम—" "नियम गेला पाण्यात," भुजंगराव म्हणाले आणि त्यांनी पेडलवर पाय दिला.

पहिल्या दोन-चार हातांत चाक थरथरलं, पाण्याकडं ओढ घेतली. "सर, सरळ! लांब बघा, चाकाकडं न्हाई!" पहिली हाक आली आणि त्यांनी मान वळवली नाही. हाक पाठीवर हात ठेवावा तशी बसली. मग तीस तोंडांची कुलपं एकदम उघडली. "शाब्बास सर!" "दगड हाय, उजवीकडनं!" "तनुजा मॅडम, सर गेले की!" गुडघा ठणकत होता, पण ठणका पेडलच्या तालात मिसळून गेला. मध्यावर पाळ आणखी निमुळती झाली आणि त्यांचे खांदे पुन्हा आखडले, तेवढ्यात मागून श्रीनाथचा शेवटच्या बाकावरचा आवाज आला, "सर, गोदावरीचा उगम?" "त्र्यंबकेश्वर!" भुजंगराव पाण्यावरून ओरडले. "सर्वांत उंच शिखर?" "कळसूबाई!" "मांजरा नदी?" "बालाघाटाचे डोंगर, गाढवा, हे तरी लक्षात ठेवायचं!" "अन् सर, लातूर कोणत्या दिशेला?" त्यांनी छातीत हवा भरून घेतली आणि आभाळाला सांगितलं, "नैऋत्येला!" मागं इतका हशा पिकला की काठावरचे बगळे उठले. आणि त्या हशात, आपल्याच नावानं चाललेल्या हशात, भुजंगराव हसत हसत पाळ उतरले, चढ चढले, आणि समोर सडक होती. मागं वळून बघितलं तेव्हा पलीकडच्या काठावर शिवकन्या ओली गोधडी निशाणासारखी हलवत होती.

शिवकन्येचं 'हितं' चांगलं दीड तासाचं निघालं. चाकूरच्या अलीकडं चहाच्या टपरीपाशी सगळे थांबले. कुणी भुजंगरावांच्या गुडघ्यावर फवारा मारला, कुणी पट्टा बांधला, आणि ते लहान पोरासारखे पाय पुढं करून सगळं करून घेत होते. भूक लागली होती, आणि सगळं त्यांना फार आवडत होतं, टपरीवाला, त्याचा चेपलेला स्टोव्ह, कपातला जास्त गोड चहा. उठून आणखी काहीतरी करावं, आणखी एक तळं ओलांडावं असं वाटत होतं. लातूर अजून बरंच लांब होतं, वर ऊन चढायला लागलं होतं, आणि पाय टिकेल की नाही याची काही खात्री नव्हती. तेवढ्यात खिशात फोन वाजला. विशाखाबाई होत्या. "अहो, कुठं आहात तुम्ही? टेम्पो आला! मी दार उघडलं, तर आत नुसती केळी! तो ड्रायव्हर म्हणतो सर आले न्हाईत. मला तर धडकीच भरली. इस्पितळात आहात का? खरं सांगा."

"नाही ग," भुजंगराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "मी सायकलवर आहे."

पलीकडून नुसता लातूरच्या रस्त्याचा आवाज, पोरींची किलबिल. भुजंगरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. आता ती विचारेल, कसलं सायकलवर, पाय किती दुखतोय, कुणाच्या गाडीत बसताय.

"मग फोन काय उचलता!" विशाखाबाई कडाडल्या. "अक्कल आहे का काही? त्या सडकेवर ट्रक कसले येतात ठाऊक नाही का? ठेवा आधी! दोन्ही हातांनी धरा ते हँडल!" आणि फोन बंद झाला.

भुजंगराव फोनकडं बघतच राहिले. तिच्या डोळ्यांसमोर ते या घटकेला भर रस्त्यावर एका हातानं सायकल हाणत चालले होते. तिनं विश्वास ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, वर झापलंही होतं, सायकलवाल्याच्या बायकोनं झापावं तसं, हक्कानं. "काय म्हणतात काकू?" तनुजानं विचारलं.  विशाखाला तिकडं ते सायकलवर दिसत होते, आणि ते इकडं बाकावर बसलेले होते. आजवर इतकं खोटं तिनं खरं मानलं होतं, त्यात हे आणखी एक नको होतं. त्यांनी कप तसाच अर्धा ठेवला, फोन खिशात टाकला, आणि बाकीचे उठायच्या आत सायकलवर टांग मारली.